वॉटकिन्स ग्लेन : एका खेड्यात फॉर्म्युला वन वीस वर्षे कशी टिकली?

2 ऑक्टोबर 1948 या दिवशी न्यूयॉर्क सेंट्रल या अमेरिकेतील बलाढ्य रेल्वे कंपनीने एका छोट्या गावालगतच्या मार्गावरील गाड्या काही काळ अडवून धरल्या, कारण त्या गावात जमलेल्या हौशी मंडळींना रूळ ओलांडून मोटारी पळवायच्या होत्या. गावाचे नाव वॉटकिन्स ग्लेन. न्यूयॉर्क राज्यात असले तरी न्यूयॉर्क शहराच्या गजबजाटापासून ते कित्येक तासांच्या अंतरावर, सेनेका तलावाच्या दक्षिण टोकाला वसलेले आहे, आणि 2010 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या अवघी 1,859 होती. एवढ्याशा वस्तीच्या नावावर 1961 ते 1980 अशी सलग वीस वर्षे फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींच्या विश्वविजेतेपद मालिकेतील अमेरिकेची शर्यत, म्हणजे अमेरिकन ग्रां प्री, भरत असे. आज फॉर्म्युला वनची शर्यत मिळवण्यासाठी मोठमोठी शहरे आणि देशांची सरकारे रांगेत उभी असतात, म्हणून हे एका खेड्याला जमले कसे आणि पुढे हातातून निसटले कसे, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

आधी तिथली जमीन पाहावी लागेल, कारण शर्यतीचे मूळ तिथल्या चढणीत आहे. सेनेका हा सुमारे 61 किलोमीटर लांब, चिंचोळा आणि 188 मीटरपर्यंत खोल तलाव हिमयुगात हिमनद्यांनी कोरून काढला. मुख्य दरी हिमनदीने खोल खरवडली, पण बाजूने येणाऱ्या ओढ्यांच्या खोऱ्यांना तेवढी खोली मिळाली नाही, आणि बर्फ ओसरल्यावर ते ओढे उंचावरच लटकत राहिले. उंचावरून दरीत उतरताना त्यांनी खडक कापला. वॉटकिन्स ग्लेनमधील घळ अशीच तयार झाली असून तिच्यात सुमारे तीन किलोमीटरच्या अंतरात 19 धबधबे आहेत. ही घळ 1863 पासून पर्यटकांना खुली झाली आणि 1906 मध्ये राज्य सरकारने ती विकत घेतली. गावाचा मुख्य रस्ता तलावाच्या पातळीवर, शेती डोंगरमाथ्यावर आणि दोहोंना जोडणारे रस्ते तीव्र चढाचे व नागमोडी, अशी एकंदर रचना आहे. इथे कोणी मुद्दाम शर्यतीचा मार्ग आखायला बसले असते तरी याहून वेगळे फारसे काही काढले नसते.

ती नजर कॅमेरॉन आर्गेटसिंगर या तरुणाकडे होती. तो कॉर्नेल विद्यापीठात कायद्याचा विद्यार्थी होता, त्याच्या कुटुंबाचे सुट्टीतले घर याच परिसरात होते आणि त्याच्याकडे एमजी टीसी ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार होती. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांमुळे अशा गाड्यांची गोडी तिकडे नुकती लागली होती. अमेरिकेतील तोवरची लोकप्रिय शर्यत म्हणजे अंडाकृती ट्रॅकवर गरगर फिरणाऱ्या मोटारी. युरोपात मात्र उजवी-डावी वळणे, चढउतार, पूल आणि गावठाण असा सगळा प्रवास करणारी रस्त्यावरची शर्यत रुळलेली होती. तशी शर्यत आपल्या ओळखीच्या रस्त्यांवर घ्यावी, असा प्रस्ताव आर्गेटसिंगरने गावच्या व्यापारी मंडळासमोर मांडला. व्यापाऱ्यांचा हिशेब साधा होता. पर्यटक उन्हाळ्यात येतात आणि पानगळ सुरू होताच आटतात, तेव्हा ऑक्टोबरमध्ये शर्यत भरली तर हंगाम थोडा लांबेल. त्यामुळे या शर्यतीला जेवढी वेगाची ओढ कारणीभूत होती, तेवढीच खानावळी आणि लॉजच्या रिकाम्या खोल्यांची काळजीही कारणीभूत होती, आणि यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

परवानग्यांचे प्रकरण मात्र किचकट होते. न्यूयॉर्क राज्यात ‘व्हिलेज’ हे कायद्याने ठरलेले स्थानिक शासन असते. त्याच्या भोवतालचा ग्रामीण टापू ‘टाऊन’च्या कक्षेत येतो, त्यावर काउंटी आणि त्यावर राज्य. आखलेला 6.6 मैलांचा, म्हणजे सुमारे 10.6 किलोमीटरचा मार्ग या सगळ्यांच्या हद्दी ओलांडत होता, शिवाय तो घळीच्या सरकारी उद्यानाच्या जमिनीला लागून जात होता आणि रेल्वेचे रूळ छेदत होता. कुणी एकाने नकार दिला असता तरी बेत फिसकटला असता. रस्त्याचा काही भाग सिमेंटचा, काही डांबरी आणि काही चक्क खडीचा होता. सुरुवात न्यायालयाच्या इमारतीसमोर फ्रँकलिन स्ट्रीटवर होत असे. तिथून गाड्या डोंगर चढत, घळीतल्या ओढ्यावरचा दगडी पूल ओलांडत, माथ्यावरच्या शेतांमधून रुळांपर्यंत जात आणि लांबलचक उतारावरून परत गावात येत.

पहिली ग्रां प्री आठ फेऱ्यांची होती. फिलाडेल्फियाकडच्या फ्रँक ग्रिसवोल्डने आपल्या अल्फा रोमिओ 8सी 2900बी या बंद टपाच्या गाडीतून ती जिंकली, ताशी सुमारे 100 किलोमीटरच्या सरासरीने. ब्रिग्ज कनिंगहॅम दुसरा आला आणि स्वतः आर्गेटसिंगर आपल्या एमजीतून नववा. विजेत्याचे नाव मात्र मार्गावर कुठेच उमटले नाही. डेन्व्हर कॉर्नेटची एमजी ज्या पुलाजवळून ओढ्यात गेली तो ‘कॉर्नेटचा पूल’ झाला, आणि बिल मिलिकनने आपली बुगाटी ज्या वळणावर उलटवली ते गावात शिरतानाचे वळण ‘मिलिकनचा कोपरा’ म्हणून ओळखले जाऊ लागले. हा मिलिकन पेशाने विमान अभियंता होता आणि पुढे मोटारींच्या गतिशास्त्राचा जगन्मान्य जाणकार ठरला. तो या कथेत पुन्हा येणार आहे.

रस्त्यावरच्या शर्यतीतील धोका नेमका कशात असतो, हे इथे थांबून पाहू. गाडीत साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चालकाने ब्रेकवर पाय ठेवायच्या आधीच एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर पुढे गेलेली असते. शर्यतीच्या ट्रॅकवर घसरलेल्या गाडीसाठी कडेला मोकळी जागा सोडता येते, पण गावच्या रस्त्याला ती सोय नसते, कारण तिथे कडेला झाडे, विजेचे खांब, दुकानांच्या पायऱ्या आणि माणसे असतात. त्या काळी संरक्षण म्हणून गवताचे भारे रचत, आणि पादचारी मार्गाची कड हीच प्रेक्षकांची सीमारेषा असे. दुसऱ्याच वर्षापासून लोकांची संख्या आणि गाड्यांची ताकद दोन्ही वाढत गेली, पण रस्ता तेवढाच राहिला.

1950 मध्ये सॅम कॉलियर माथ्यावरच्या रेल्वेलगतच्या सरळ भागाजवळ कनिंगहॅमच्या मालकीची फेरारी चालवताना मरण पावला. सॅम आणि त्याचा भाऊ माइल्स यांनी 1930 च्या दशकात अमेरिकेत रस्त्यावरच्या हौशी शर्यतींची पहिली संघटना उभी केली होती, आणि माइल्सने आदल्याच वर्षी ही ग्रां प्री जिंकली होती. या मृत्यूने हौशी वर्तुळ हादरले, तरी शर्यत थांबली नाही, कारण चालकाने स्वतःहून पत्करलेला धोका समाज सहन करतो. 1952 मध्ये जे घडले ते वेगळे होते. फ्रँकलिन स्ट्रीटवर एका ॲलार्ड गाडीची मागची बाजू कडेच्या गर्दीला घासली, अनेक जण जखमी झाले आणि सात वर्षांचा एक मुलगा दगावला. शर्यत तिथेच बंद करण्यात आली, आणि गावाच्या मुख्य रस्त्यावर ती पुन्हा कधीही झाली नाही.

अशीच वेळ थोड्याफार फरकाने इतर गावांवरही आली. विस्कॉन्सिनमधील एल्कहार्ट लेक या तशाच तलावकाठच्या गावाने 1950 ते 1952 अशी तीन वर्षे सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती घेतल्या आणि त्या बंद पडल्यावर 1955 मध्ये गावाबाहेर रोड अमेरिका हा कायमचा ट्रॅक उभारला. लाँग आयलंडवरील ब्रिजहॅम्प्टनमध्येही रस्त्यावरच्या शर्यती 1953 मध्ये संपल्या. याच काळात अमेरिकेतील रस्त्यावरची शर्यत सार्वजनिक मार्गावरून उठून कुंपणाआड गेली, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

वॉटकिन्स ग्लेनमध्ये हे स्थलांतर दोन टप्प्यांत झाले. 1953 मध्ये शर्यत डोंगरावर डिक्स टाऊनच्या हद्दीतील ग्रामीण रस्त्यांवर, 4.6 मैलांच्या तात्पुरत्या मार्गावर हलवण्यात आली. रस्ते सार्वजनिकच होते, पण वस्ती विरळ होती आणि प्रेक्षकांना शेतात मागे ठेवता येत होते. मग 1956 मध्ये त्याच माथ्यावर जमीन घेऊन 2.3 मैलांचा, म्हणजे 3.7 किलोमीटरचा कायमचा ट्रॅक बांधण्यात आला. त्याची आखणी करणाऱ्यांत कॉर्नेलच्या अभियांत्रिकीच्या जाणकारांबरोबर बिल मिलिकनही होता. आठ वर्षांपूर्वी ज्याने वळणावर गाडी उलटवली होती, त्याच्याच हाती आता वळणांची पट्टी-पेन्सिल आली, आणि त्या कामाला त्याच्याइतका लायक माणूस शोधूनही सापडला नसता.

या बदलाने पैशाचे गणितही उलटे झाले. शर्यत गावच्या रस्त्यावर होती तेव्हा प्रेक्षक फुकट पाहत होते. आयोजकांच्या हाती फारसे काही लागत नसे, पण दुकानदार, खानावळवाले आणि लॉजवाले कमावत. कुंपण घातल्यावर तिकीट लावता आले, आणि शर्यत प्रथमच स्वतःच्या पायावर उभी राहू शकली. मात्र तो पैसा खर्च करून ट्रॅक राखायचा, डांबर घालायचे, विमा उतरवायचा आणि पुढे व्यावसायिक चालकांचे मानधन द्यायचे, ही जबाबदारीही आयोजकांवर आली. ते आयोजक म्हणजे कोणी भांडवलदार नव्हते. ती स्थानिक लोकांनी चालवलेली, नफ्याचा हेतू नसलेली ग्रां प्री कॉर्पोरेशन होती. पंचक्रोशीतील माणसे एका जागतिक सोहळ्याचे यजमानपद करत होती, आणि हे बळ व ही दुर्बलता दोन्ही शेवटपर्यंत सोबत राहिली.

तरीही नव्या ट्रॅकची पहिली काही वर्षे पाहावी तितकी थोडी. 1957 मध्ये नॅस्कार या अमेरिकी मोटार शर्यत संघटनेची इथली पहिली शर्यत झाली आणि बक बेकरने ती जिंकली. 1958 पासून ‘फॉर्म्युला लिब्र’ म्हणजे कोणत्याही प्रकारच्या शर्यती गाड्यांना मोकळीक असलेली ग्रां प्री सुरू झाली, तिच्यासाठी युरोपातून चालक येऊ लागले, आणि स्टर्लिंग मॉसने 1959 व 1960 अशी दोनदा ती जिंकली. त्याच दोन वर्षांत अमेरिकेची फॉर्म्युला वन ग्रां प्री अनुक्रमे फ्लोरिडातील सेब्रिंग आणि कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड इथे भरली होती, पण दोन्ही ठिकाणी एकेका वर्षापलीकडे ती टिकली नाही. 1961 मध्ये जागा रिकामी होती, हंगाम संपत आला होता, आणि आर्गेटसिंगरने अगदी थोड्या मुदतीत तयारी दाखवली. आधीच्या तीन वर्षांत आंतरराष्ट्रीय चालकांची सरबराई करण्याचा सराव झालेला असल्यामुळे हे धाडस अविचाराचे नव्हते.

8 ऑक्टोबर 1961 ची ती पहिली शर्यत इनेस आयर्लंडने जिंकली, आणि लोटस कंपनीच्या स्वतःच्या संघाचा विश्वविजेतेपदाच्या मालिकेतील तो पहिला विजय ठरला. त्यानंतर काही आठवड्यांतच संघप्रमुख कॉलिन चॅपमनने आयर्लंडला संघातून कमी केले; खेळाच्या दुनियेत कृतज्ञतेचे आयुष्य किती असते याचा हा चांगला नमुना आहे. पुढच्या काळात जिम क्लार्क आणि ग्रॅहम हिल यांनी प्रत्येकी तीन वेळा इथे विजय मिळवला. 1970 मध्ये तर विश्वविजेतेपदाचा निकालच इथे लागला. योखेन रिंट महिन्याभरापूर्वी इटलीतील मोंझा इथे अपघातात मरण पावला होता, गुणतक्त्यात तोच पुढे होता, आणि त्याला मागे टाकण्याची संधी केवळ जॅकी इक्सला उरली होती. रिंटच्याच संघातल्या एमर्सन फिटिपाल्डी या नवख्या ब्राझिलियन चालकाने आपल्या अवघ्या चौथ्या ग्रां प्रीमध्ये इथे विजय मिळवला, इक्स चौथा आला, आणि मरणोत्तर विश्वविजेतेपद रिंटच्या नावावर कायम झाले.

एवढ्या दूरच्या गावी युरोपातील संघ का येत, याचे उत्तर बक्षिसाच्या रकमेत आहे. त्या काळी बहुतेक आयोजक ‘स्टार्ट मनी’ देत, म्हणजे शर्यतीत नुसता भाग घेण्यासाठी प्रत्येक संघाशी स्वतंत्र सौदा करून ठरवलेली रक्कम. नामांकित संघाला जास्त, नवख्याला नाममात्र. वॉटकिन्स ग्लेनने उघड आणि भरघोस बक्षिसे लावली. 1969 मध्ये एकूण रक्कम 2 लाख डॉलर्सवर नेण्यात आली आणि विजेत्या रिंटला त्यातले 50,000 डॉलर्स मिळाले, जे तेव्हाच्या फॉर्म्युला वनमध्ये डोळे विस्फारणारे होते. चालकांच्या संघटनेने 1965, 1970 आणि 1972 मध्ये उत्तम आयोजनासाठी या शर्यतीचा गौरवही केला. संघांसाठी बांधलेली एकत्र बंदिस्त कार्यशाळा, जांभळट सूट घालून तोंडात सिगार धरून हवेत उडी मारत झेंडा फडकवणारा टेक्स हॉपकिन्स, ऑक्टोबरमधली लालपिवळी झाडी, असे सगळे मिळून या शर्यतीचा स्वतःचा चेहरा तयार झाला होता.

1971 मध्ये ट्रॅक 3.377 मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 5.4 किलोमीटरपर्यंत वाढवण्यात आला आणि त्याला जोडलेल्या नव्या फाट्याला त्याच्या आकारावरून ‘द बूट’ असे नाव पडले. गाड्यांचा वेग मात्र कडेच्या कठड्यांच्या क्षमतेपलीकडे वाढत होता. पोलादी पट्ट्यांचा कठडा गाडी कडेला तिरपी घासली तर तिला सरकत पुढे नेतो आणि ऊर्जा हळूहळू संपवतो. पण गाडी थेट आदळली, किंवा पट्टी खांबापासून सुटली, तर तोच कठडा पात्यासारखा घातक होतो. ऑक्टोबर 1973 मध्ये सराव फेरीत फ्रांस्वा सेव्हेर अतिवेगवान नागमोडी भागातील कठड्यावर आदळून मरण पावला. त्याचा संघसहकारी जॅकी स्टुअर्ट दुसऱ्या दिवशी आपली शंभरावी आणि शेवटची ग्रां प्री चालवणार होता. टिरेल संघाने माघार घेतली आणि स्टुअर्टची कारकीर्द 99 वर थांबली. पुढच्याच वर्षी हेल्मुट कोइनिगची गाडी कठड्यावर गेली, खालची पट्टी वाकून गाडी तिच्याखाली शिरली आणि तोही जागच्या जागी गेला. 1975 मध्ये नागमोडी भागात वेग तोडणारे अडथळ्याचे वळण घालण्यात आले. इथली प्रत्येक सुधारणा कुणाच्या तरी मृत्यूनंतर झाली, हे कटू असले तरी खरे आहे, आणि ते केवळ याच ट्रॅकबाबत खरे आहे असे नाही.

मैदान म्हणून या जागेची कीर्ती मोटारींपलीकडेही गेली. 28 जुलै 1973 रोजी इथे झालेल्या ‘समर जॅम’ या संगीत मेळाव्याला सुमारे 6 लाख लोक आले, म्हणजे गावाच्या लोकसंख्येच्या कित्येक शेपट, आणि रस्ते मैलोन्‌मैल तुंबले. शर्यतीच्या प्रेक्षकांतही एक हुल्लडबाज टोळी वाढली होती. ‘द बॉग’ नावाच्या चिखलाच्या भागात त्यांनी गाड्या आणि 1974 मध्ये एक बसही पेटवून दिली. स्वयंसेवकांच्या बळावर चाललेल्या संस्थेला हे आवरणे जड जात होते.

शेवटचा धक्का यंत्रशास्त्राने आणि हिशेबाने मिळून दिला. 1970 च्या दशकाच्या अखेरीस ‘ग्राउंड इफेक्ट’ गाड्या आल्या. गाडीच्या पोटाखालचा आकार उलट्या पंखासारखा केला आणि बाजूंना रस्त्यापर्यंत पोचणारे पडदे लावले की खालच्या हवेचा दाब घटतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. हा परिणाम टिकवायचा तर गाडी जमिनीपासून एकाच उंचीवर राहायला हवी, म्हणून स्प्रिंगा अतिशय कडक ठेवाव्या लागतात. अशा गाडीला गुळगुळीत रस्ता हवा असतो. इथे कडक हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठते, फुगते आणि डांबर उचलते, त्यामुळे ट्रॅक उंचसखल होत जातो. चालकांच्या तक्रारी वाढल्या, पुन्हा डांबरीकरण करावे लागले, आणि इकडे तिजोरी रिकामी होत होती. 1976 पासून कॅलिफोर्नियातील लाँग बीच शहरातही अमेरिकेतली दुसरी ग्रां प्री भरू लागल्याने प्रेक्षक आणि लक्ष दोन्ही वाटले गेले. 1980 ची शर्यत ॲलन जोन्सने जिंकली. त्यानंतर संघांचे सुमारे 8 लाख डॉलर्सचे देणे न भागल्याने 1981 मध्ये ग्लेनचे नाव वेळापत्रकातून वगळण्यात आले. त्या वर्षी अमेरिकेतली ऑक्टोबरची शर्यत लास व्हेगासमधील एका जुगारगृहाच्या वाहनतळावर झाली. वाहनतळावर, हे पुन्हा सांगावेसे वाटते.

संस्था दिवाळखोरीत गेली आणि ट्रॅकवर गवत वाढू लागले. 1983 मध्ये जवळच्या कॉर्निंग गावातील काच उद्योगाच्या उपकंपनीने इंटरनॅशनल स्पीडवे कॉर्पोरेशन या शर्यतींचे ट्रॅक चालवणाऱ्या कंपनीसह तो विकत घेतला, 1984 मध्ये तो पुन्हा सुरू झाला आणि 1986 मध्ये नॅस्कार परतली. 1991 मध्ये तिथल्या एका वळणावर जे. डी. मॅकडफी या चालकाचा मृत्यू झाला, आणि पुढच्या वर्षी लांब सरळ भागाच्या शेवटी ‘बस स्टॉप’ या टोपणनावाचे वळण जोडण्यात आले. 1997 मध्ये पूर्ण मालकी स्पीडवे कॉर्पोरेशनकडे गेली, आणि 2019 मधील विलीनीकरणानंतर ती नॅस्कारकडे आहे. गावकऱ्यांच्या संस्थेकडून एका राष्ट्रीय व्यवसायाकडे असा हा प्रवास झाला. ट्रॅक आजही कायद्याने गावाच्या हद्दीत नाही, डिक्स टाऊनमध्ये आहे; नाव तेवढे गावाचे चालते.

गावाकडे मात्र 1948 चा मार्ग उरला आहे, आणि तो अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल आहे. 1999 पासून ग्रंथालयाला लागून मोटार शर्यतींचे आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रही आहे. दरवर्षी सप्टेंबरमधल्या एका शुक्रवारी फ्रँकलिन स्ट्रीट वाहतुकीसाठी बंद होतो, पूर्वी जिथे गाड्यांची तांत्रिक तपासणी होत असे त्या स्मॉलीच्या गॅरेजपाशी जुन्या मोटारी पुन्हा रांगेत लागतात, आणि न्यायालयासमोरून सुटून पोलिसांच्या गाडीमागे बेताच्या वेगाने डोंगर चढतात. कॉर्नेटच्या पुलावरून जाताना कोणी ओढ्यात पडत नाही.